काठावरची शहरे

मित्रांनो, मी एक परात आहे. जुनी आहे, तांब्याची आहे आणि चांगली ऐसपैस आहे. मला उचलायला दोन माणसे लागतात आणि त्यांतले एक कुरकुरतेच. पण माझे वजन राहू द्या. माझ्या काठावरून एकदा बोट फिरवून पाहा. बोटाला बारीक टिंबे लागतील. त्या टिंबांची अक्षरे होतात आणि अक्षरांची नावे. तुमच्याही घरी भांड्यांवर नावे घातलेली असतील, लग्नात कोणी काय दिले ते कळावे म्हणून. माझ्या काठावर माणसाचे एकही नाव नाही. तिथे शहरे आहेत.

माझा जन्म रेवदंड्याच्या बाजारात एका तांबटाच्या हातून झाला. त्याने मला इतके ठोकले की दुसरी एखादी चिरफाळली असती. मी नुसती घुमले. त्या आवाजावरच भाळून आरोन झिराडकर नावाच्या तेल्याने मला विकत घेतले. आरोनशेठ बेने इस्राएल होते, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. त्यांचे पूर्वज कधीकाळी गलबत फुटून या किनाऱ्याला लागले आणि मग घाणे घालून इथलेच झाले, असे ते सांगत. शनिवार त्यांच्या विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी घाणा बंद असे, म्हणून सारा मुलूख त्यांना शनवार तेली म्हणे.

आणि मला घेतले ते पीठ मळायला नव्हे. मला घेतले मलिद्यासाठी! एलियाहू नबीला, म्हणजे त्यांच्या जुन्या प्रेषिताला, नवस बोलावा, आणि तो फळला की भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओले खोबरे, वेलची घालून त्याचा डोंगर परातीत रचावा, वर फळे मांडावीत, गुलाब खोचावा, आणि पुरुषांनी भोवती उभे राहून प्रार्थना म्हणावी, अशी त्यांची रीत. साधी भांडी चुलीजवळ असत. मी मात्र मानाच्या खुंटीवर. थोडा तोरा मला तेव्हापासूनच आहे, तो तुम्ही चालवून घ्या.

या लोकांत महत्त्वाची प्रार्थना करायची तर दहा जाणते, म्हणजे तेरा वर्षे पूर्ण झालेले, पुरुष लागतात. नऊ असतील तर दहाव्याची वाट पाहायची. आरोनशेठनी त्यावरून घरात एक नियमच घातला. जिथे आपले दहा उभे राहतील तिथेच परातीत मलिदा रचायचा, आणि त्या गावाचे नाव परातीच्या काठावर घालायचे. दहा नाहीत तिथे परात रिकामी.

पहिले नाव पडले रेवदंडा. मग मुले-पुतणे पोटापाठी पांगले आणि मीही त्यांच्याबरोबर पांगले. मुंबई झाले, पुणे झाले. कराचीला आरोनशेठचा थोरला मुलगा रेल्वेत होता, तिथे मी गेले. पुतण्या पलटणीबरोबर अदनला होता, तिथे आगबोटीतून गेले आणि वाटेत एका खलाशाने माझ्यावर बसून पत्ते खेळले, तो अपमान मी अजून विसरलेले नाही. रंगूनला गेले. प्रत्येक ठिकाणी वाटे की या परक्या गावात आपले कोण असणार? आणि प्रत्येक ठिकाणी दिवेलागणीला कोणी बगदादचा, कोणी कोचीनचा, कोणी आपला पेण-पनवेलचा असे करत दहा जमत आणि मी भरत असे. माझा काठ असा भरत आला. शेवटी एकच बोटभर जागा उरली. आरोनशेठ म्हणाले, “ती सोडा. ती यरुशलेमची.”

मग आरोनशेठ गेले. त्यांचे मुलगेही गेले. मुंबईत त्यांची सून रिबकाबाई आणि तिचे दोन मुलगे एझ्रा आणि दानिएल उरले. घरात स्टेनलेस स्टील आले, हलके, चकचकीत. मला माळ्यावर टाकले. माझी कल्हई उडाली, अंगावर हिरवे डाग पडले. एका पावसाळ्यात तर गळतीखाली मला ठेवले. मित्रांनो, ज्या अंगावर नबीचा मलिदा रचला त्यावर कौलांचे पाणी टपटपत होते. मी तेव्हा मनातून रडले, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

माझे दिवस पालटले ते सिल्वासामुळे. दादरा-नगर हवेली भारतात सामील झाली, तिथल्या शाळांना मास्तर हवे होते. मुंबई-कोकणातली कितीतरी माणसे तिकडे नोकरीला गेली, त्यांत धाकटा दानिएलही गेला. तो भूगोलाचा मास्तर. त्याने बायको मिलकाला नेले, आईला नेले आणि माळ्यावरून मला उतरवले. एझ्रा हसला. “जंगलात परात नेतोस? दहा साग उभे करणार आहेस काय भोवती?”

वापीला गाडीतून उतरून आम्ही बसने सिल्वासाला आलो. कौलारू घर, पुढे ओटा, मागे चिंच. दानिएलने पहिल्याच आठवड्यात कल्हईवाला बोलावला. निखाऱ्यावर मी तापले, नवसागराचा धूर निघाला, कथील फिरले आणि मी चांदीसारखी लखलखले. मग मला खुंटीवर टांगले. आणि मी टांगलेलीच राहिले. कारण सिल्वासात ज्यूंचे घर एकच होते, आमचे.

दानिएल मास्तर शाळेत जगाचा नकाशा लावून लाल खडूने ठिपके काढी आणि मुलांना सांगे, “न्यूयॉर्कात आमची माणसं वीसेक लाख. लंडनला आहेत, पॅरिसला आहेत, ब्यूनस आयर्सला आहेत, इस्तंबूलला आहेत. मुंबईत काही हजार.” मुले विचारीत, “आणि सिल्वासात, सर?” मास्तर खडू ठेवून म्हणे, “सिल्वासात मी.” मुलांना हसू येई. मास्तरही हसे. घरी आल्यावर मात्र तो माझ्याकडे बघत बसे.

एकदा दिवाळीनंतर एझ्रा आला. त्याने मुंबईची गोदीतली नोकरी सोडली होती. बायकोमुलांसह तो इस्राएलात, बीरशेबा नावाच्या शहरात कायमचा जाणार होता. चहा पिता पिताच त्याने विषय काढला.

“आई, तू माझ्याबरोबर चल. आणि परातही. तिकडे रस्त्यावर उभं राहून हाक मारली तरी दहा काय, शंभर जमतील. शिवाय यरुशलेमला बस जाते. आजोबांनी सोडलेली जागा मी भरतो.”

दानिएलचा चेहरा उतरला. “दादा, आईला इथं काय कमी आहे?”

“दहा माणसं कमी आहेत,” एझ्रा म्हणाला.

रिबकाबाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, “बाळांनो, मला इथली हवा मानवली. नलिनीसारखी शेजारीण मिळाली. पण एझ्रा खोटं बोलत नाही. उद्या मी डोळे मिटले तर माझ्यामागं प्रार्थना म्हणायला दहा जण लागतील. ते इथं आहेत का, दानिएल?”

दानिएल बोटे मोजू लागला आणि एकावरच थांबला.

“मग ऐका. माघी पौर्णिमेला आपल्या नबीचा उरूस. त्या दिवशी सिल्वासात परात भरली, तर परात इथं आणि मी इथं. नाही भरली, तर दोघी एझ्राबरोबर.”

एझ्राने मान हलवली. त्याला घाई नव्हती. त्याचे जाणे पौर्णिमेनंतरच होते, आणि सिल्वासात दहा ज्यू जमतील हे त्याला स्वप्नातही खरे वाटत नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नाही.

पण दानिएल मास्तर कामाला लागला. त्याचा मित्र जयवंत जंगलखात्यात कारकून होता, मूळचा राजापूरचा, तोंडाचा फटकळ. मास्तरने त्याला सगळे सांगितले. जयवंतने कपाळावर हात मारला. “अरे मास्तर, आधी नाय बोलायचंस? माघात सागाचा लिलाव आहे ना आपल्याकडे! मुलूखभरचे शेठ येतात माल बघायला. एक कोचीनवाला दरसाल येतो, शनिवारी काय बोली लावत नाय म्हणजे नाय. आम्ही समजलो, शनी मानतो!”

मास्तर खुर्चीवरून उठलाच. तिथून शोध सुरू झाला. कोचीनचा लाकूडवाला आपलाच निघाला. त्याने कलकत्त्याच्या एका बगदादी व्यापाऱ्याचे नाव सांगितले, तोही लिलावाला यायचा होता. बलसाडला दवाखान्यात एक बेने इस्राएल कंपाउंडर होता, त्याचा मुलगाही जाणता. वापी स्टेशनात पेणकर नावाचे असिस्टंट स्टेशन मास्तर होते. त्यांनी अहमदाबादच्या गिरणीतले वीव्हिंग मास्तर आणि त्यांचे जावई यांना सांगावा धाडला. पिपरियाला नवे कारखाने उभे राहत होते. तिथे यंत्र बसवायला आलेला एक गोरा इंजिनियर मूळचा व्हिएन्नाचा, लढाईत घरदार गमावून मुंबईला आलेला. तो म्हणाला, मी प्रार्थना विसरलो आहे. मास्तर म्हणाला, उभे राहायला तर विसरला नाहीत? ठाण्याहून म्हातारे हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, यायला तयार झाले. मास्तर बोटे मोजी आणि मी खुंटीवर टांगल्या जागी हरखून जाई. इतकी वर्षे या मुलखात आम्ही स्वतःला एकटे समजत होतो, आणि आपली माणसे हाकेच्या अंतरावर होती!

पौर्णिमेचा शनिवार आला. एझ्रा आदल्या दिवशीच आला होता. येताना त्याने माझ्यासाठी लाकडी खोके करवून आणले होते, आत गोणपाट घातलेले. ते ओट्यावर ठेवून तो त्याच्याच वर बसून राहिला. 

शनिवार असल्यामुळे मिलका कामाला हात लावत नव्हती. दुपारी नलिनीबाई खवणी घेऊन आल्या. त्या मास्तरच्याच शाळेत शिकवीत, गुहागरच्या.

“अहो, राहू द्या, सूर्य मावळला की मी करीन,” मिलका म्हणाली.

“सूर्य मावळल्यावर वीस नारळ कधी खवणार? शनिवार तुमचा आहे, माझा नाही. सरका बघू!”

आणि नलिनीबाईंनी पदर खोचून नारळांचा फडशा पाडला.

आदल्या दिवशीच गावात उतरलेले पाहुणे येत गेले. कोचीनवाला लुंगीसारख्या शुभ्र मुंडूत, कलकत्तेवाला सुटाबुटात, इंजिनियर टोपी हातात घेऊन. आकाशात तारे दिसले, शनिवार संपला, दिवा लागला. मला खाली उतरवून धुऊन पुसून पाटावर ठेवले. पोह्यांचा डोंगर रचला, त्यावर केळी, पेरू, संत्री, गुलाब. कलकत्तेवाला नाक मुरडून म्हणाला, “देव के सामने पोहा? हमारे यहाँ तो ऐसा नहीं होता.” कोचीनवाल्यानेही असे काही पाहिले नव्हते. म्हाताऱ्या हजानांनी दोघांना समजावले, “अहो, ज्या मातीत राहिलो तिथलं धान्य देवापुढं ठेवलं. त्यात काय चुकलं?” कलकत्तेवाल्याने एक वेलची उचलून हुंगली. वास त्याला पटला असावा.

आता फक्त पेणकर यायचे होते. वापी ते सिल्वासा अंतर ते किती! सगळ्यांत जवळचे तेच. म्हणून त्यांची चिंता कोणी केलीच नव्हती.

शेवटची बस आली. पेणकर आले नाहीत. कंडक्टर तेवढा दाराशी आला. “मास्तर, पेणकर साहेबनो मेसेज छे. रिलीवर आव्यो नथी. स्टेशन छोडीने केवी रीते आवे?”

बदलीवरचा माणूसच आला नव्हता. स्टेशन उघडे टाकून कोण येणार? आणि आलेल्यांनी मनातल्या मनात मोजले. नऊ.

“मी उभा राहतो की!” जयवंत म्हणाला. “टोपी द्या. नारळ फोडायला तर तुम्हां सगळ्यांत मीच भारी.”

हजानांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “बाळा, तुझ्यासारखा माणूस मिळायचा नाही. पण हे आमच्या आमच्यातच व्हावं लागतं.”

दानिएल भिंतीला टेकून उभा होता. तो आईकडे बघत होता आणि आई माझ्याकडे. मिलकाने जवळ येऊन त्याला म्हटले, “अहो, भाऊजी आहेत ना ओट्यावर.”

“त्याला कसं सांगू?” दानिएल म्हणाला. “आईला आणि परातीला न्यायला आलाय तो. त्यालाच म्हणू, ये आणि हर?”

पाहा मित्रांनो! पार कोचीन-कलकत्त्यापर्यंत माणसे मोजणाऱ्या मास्तरने सख्ख्या भावाला एकदाही मोजले नव्हते. तो विरुद्ध बाजूचा, म्हणून तो हिशेबातच नाही. आणि बाहेर एझ्राला दारातून शब्द न् शब्द ऐकू येत होता.

हजानांनी प्रार्थनेचे पुस्तक मिटले. चष्मा काढला. इतक्यात खोके करकरले.

एझ्रा दारात उभा होता. दाराच्या चौकटीवरच्या पवित्र लेखाला त्याने बोटे लावून ओठांना लावली, खिशातला रुमाल डोक्यावर बांधला आणि आत येऊन धाकट्याच्या शेजारी उभा राहिला.

“दादा,” दानिएल म्हणाला, “तू उभा राहिलास तर परात भरली. मग आई...”

“कळतं मला,” एझ्रा म्हणाला. “तिकडे बीरशेबात मी नसलो तर कुणाचं अडणार आहे? शंभरातला एक मी. इथं माझ्यावाचून अडलंय. दहावा आहे म्हटल्यावर माणूस बाहेर बसून राहतो काय? आजोबांनी मला हेच शिकवलं. हजानसाहेब, पुस्तक उघडा.”

जीव भांड्यात पडला असे तुम्ही म्हणता ना? त्या दिवशी दहा जणांचा जीव पडला तो माझ्यात पडला.

मित्रांनो, मग जे झाले ते मी जन्मभर विसरणार नाही. नबीचे स्तवन सुरू झाले आणि प्रत्येकाची चाल वेगळी निघाली! कोचीनची एक, बगदादची एक, आमची कोकणातली टाळ्यांची. अहमदाबादचे जावई तर भलतेच वर चढले. दारात उभ्या असलेल्या जयवंतला हसू आवरेना. पण परमेश्वर एकच आहे असे सांगणारी ती जुनी प्रार्थना आली, आणि सगळ्यांनी डोळ्यांवर हात ठेवले, आणि सगळ्यांचे शब्द एक झाले. प्रार्थना विसरलेला व्हिएन्नावालासुद्धा मोठ्याने म्हणत होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होते आणि ते पुसायचे त्याला भान नव्हते. तो आवाज मी कराचीत ऐकला होता, अदनला आणि रंगूनला ऐकला होता. तोच आवाज आता सिल्वासात, चिंचेखालच्या कौलारू घरात घुमत होता आणि माझा काठ त्याच्याबरोबर थरथरत होता.

मलिदा सगळ्या आळीला वाटला. नलिनीबाईंनी दोनदा मागून घेतला, लाकडे आणणाऱ्या वारली बायांनी पदरात घेतला. जयवंतने डबा भरून वापीला पेणकरांना पाठवला. कलकत्तेवाल्याने सगळ्यांत जास्त खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ मला उचलून बाजारात भांडेवाल्याकडे घेऊन गेले. रिबकाबाईही आल्या. भांडेवाल्याने खिळा आणि हातोडी घेतली, काठावरची मोकळी जागा पाहिली आणि तिथे खिळा टेकवला.

“तिथं नको,” रिबकाबाई म्हणाल्या. “ती जागा वाट बघायला ठेवली आहे. तिला वाट बघू दे.”

“मग काठ तो पूरा झाला, माजी. कुठे घालू?”

“मधोमध घाल. जिथं मलिदा रचतो तिथं. पहिली मूठ त्याच नावावर पडू दे.”

आणि माझ्या पोटावर, बरोबर मध्यभागी, टिंबाटिंबांनी नाव उमटले: सिल्वासा. कराची, रंगून, मुंबई अशी मोठमोठी शहरे काठाकाठाने बसली आहेत आणि एका घराचे सिल्वासा मधोमध! अभिमानाने मी इतकी तापले की कल्हई वितळते की काय असे वाटले.

एझ्रा दुकानात रेंगाळला. त्याने एक नवी परात निवडली, टकटक वाजवून आवाज ऐकला आणि भांडेवाल्यापुढे ठेवली. “हिच्या काठावर पण एक नाव घाल. हेच.”

“दादा, तू तर बीरशेबाला चाललास,” दानिएल म्हणाला.

“नियम काय आहे? जिथं आपले दहा उभे राहिले ते गाव. माझ्या परातीचं पहिलं गाव हे.”

माझ्यासाठी केलेल्या खोक्यात बसून ती गेली. मला तिचा हेवा वाटला नाही. आज बीरशेबाच्या वाळवंटात कोणी तिच्या काठावरून बोट फिरवीत असेल, तर त्याला पहिले नाव सिल्वासाचे लागते. रिबकाबाई इथेच राहिल्या. दरसाल लिलावाच्या हंगामात पाहुणे येतात, पेणकर तर रजा काढून सर्वांआधी हजर. मास्तरच्या नकाशावर सिल्वासाला आता लाल ठिपका आहे, आणि मुले विचारतात तेव्हा तो ‘मी’ म्हणत नाही, ‘आम्ही’ म्हणतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर एखादी माझी बहीण पडली असेल. तिला खाली उतरवा, चिंच लावून घासा, कल्हई करा. जुन्या भांड्याला फार काही लागत नाही, एवढेच लागते. आणि माणसांचेही तसेच आहे. कधी कशासाठी माणसे कमी पडली आणि तुम्ही मोजायला बसलात, तर लांबच्या गावांना निरोप धाडण्याआधी एकदा ओट्यावर जाऊन पाहा, तिथे कोणी बसले आहे का.